‘पुनर्वर्गीकरण’ कीं ‘फेरप्रतवारी’? : वऱ्हाडच्या दप्तरांतील एका शब्दाची चिकित्सा

वऱ्हाडच्या इतिहासावर अलीकडे जें मराठी लेखन होत आहे, त्यांत ‘पुनर्वर्गीकरण’ हा शब्द वारंवार आढळूं लागला आहे. शेताचा आकार वाढला, तर जमिनीचें पुनर्वर्गीकरण झालें; तालुका एका जिल्ह्यांतून काढून दुसऱ्यास जोडला, तरी पुनर्वर्गीकरण झालें; दप्तरखान्यांतील कागद उलगडून विषयवार लावले, तरी तेंच. शब्द संस्कृत, दिसावयास भारदस्त आणि उच्चारतांना जिभेला थोडा व्यायाम देणारा असल्यामुळें तो विद्वत्तेचा वाटतो, ह्यांत नवल नाहीं. परंतु एकाच शब्दानें निरनिराळ्या क्रिया सांगितल्या गेल्या म्हणजे त्यांमधील भेद वाचकाच्या, आणि पुष्कळदां लेखकाच्याही, दृष्टीआड होतो. आणि मग कोष्टकांवरून काढलेलीं अनुमानें फसतात. दोष केवळ भाषेचा असता, तर त्रैमासिकाचीं पानें अडविण्याचें कारण नव्हतें. तो प्रमाणाचा दोष आहे, म्हणून हा प्रपंच.

प्रथम शब्दाच्या मुळाकडे पाहूं. ‘वर्ग’ हा शब्द वैयाकरण ‘वृज्’ ह्या धातूपासून साधतात. ‘वर्ज्य’, ‘वर्जन’ हे त्याचेच भाऊबंद. म्हणजे इतरांस वगळून जें वेगळें काढलें तो वर्ग; एकत्र आणणें हा फलितार्थ, वगळणें हा मूळ अर्थ. ‘वर्गीकरण’ ह्यांतील दीर्घ ईकार मूळ शब्दाचा नव्हे. तो च्वि-प्रत्ययामुळें आला आहे. पाणिनीनें पांचव्या अध्यायाच्या चौथ्या पादांत हा प्रत्यय सांगितला असून वार्तिकानें त्याचा अर्थ ‘अभूततद्भाव’ असा नेमका केला आहे : जें पूर्वीं तसें नव्हतें, तें तसें होणें. पांढरें नसलेलें वस्त्र पांढरें करणें हें शुक्लीकरण. पांढरेंच असलेलें वस्त्र पुन्हां धुतलें, तर ती नुसती धुलाई. तेव्हां वर्गीकरण म्हणजे जें कोणत्याच वर्गांत नव्हतें तें वर्गांत आणणें. त्याच्या मागें ‘पुनः’ लावला कीं पेंच उत्पन्न होतो. जी वस्तु एकदां वर्गांत आली, ती ‘अभूत’ राहिली कोठें ?

ह्या पेंचांतून सुटण्याच्या वाटा दोन. पहिली, ती वस्तु मध्यंतरीं वर्गांतून निसटली, गांठोडें सुटलें, कागद विखुरले, आणि आतां तीं पुन्हां लावावयाचीं आहेत. दुसरी, वस्तु जुन्या वर्गांत आहेच. परंतु आतां जे वर्ग केले आहेत ते नवे आहेत, आणि त्या नव्या वर्गांच्या दृष्टीनें ती खरोखरीच ‘अभूत’ आहे. दुसरी वाट मला अधिक सयुक्तिक वाटते. ‘पुनः’ हें केवळ ‘करण’ ह्या क्रियेचें विशेषण आहे, मग एवढा काथ्याकूट कशास, असें कोणी म्हणेल. व्याकरण त्यास आडवें येणार नाहीं. पण अर्थाचें काय ? ज्या ठिकाणीं वर्गांची चौकट तीच राहते आणि वस्तु फक्त एका घरांतून दुसऱ्या घरांत जाते, तेथें नवें असें कांहींच झालेलें नसतें. आणि जेथें चौकटच मोडून दुसरी उभी केली जाते, तेथें सर्व कांहीं नवें असतें. ह्या दोहोंस एक नांव देणें म्हणजे पत्ता बदलणें आणि गांव वसविणें ह्यांस एक नांव देणें होय.

चौकट बदलणें म्हणजे काय, ह्याचें उत्तम उदाहरण अमरकोशांतच आहे. अमरसिंहानें शब्द स्वर्गवर्ग, भूमिवर्ग अशा विषयवार वर्गांत गोंविले. परंतु तिसऱ्या कांडांतील नानार्थवर्गांत तेच शब्द त्यानें अन्त्य व्यंजनाच्या क्रमानें पुन्हां लाविले आहेत. शब्द तेच, कसोटी निराळी. ह्यास पुनर्वर्गीकरण म्हणावें. एखादा शब्द चुकून भूमिवर्गांत पडला होता, तो उचलून योग्य वर्गांत ठेवला असता, तर तें पुनर्वर्गीकरण झालें नसतें. ती दुरुस्ती झाली असती.

ह्या दुसऱ्या क्रियेसाठीं मराठींत सरळ शब्द आहे, तो ‘फेर’. हा ‘फिरणें’ ह्या क्रियापदाच्या कुळांतला. फेर म्हणजे वळसा. त्याच वाटेनें पुन्हां जाणें. फेरमोजणी, फेरतपासणी, फेरविचार ह्या सर्वांत माप तेंच असतें, मोजणारा फक्त पुन्हां एकदां मोजतो. उत्तरपत्रिकेच्या फेरतपासणींत विद्यार्थ्याचे गुण बदलतील. उत्तीर्णतेची मर्यादा बदलत नाहीं. गांवच्या दप्तरांत सहाव्या नमुन्यास ‘फेरफार नोंदवही’ म्हणतात. तींत शेत तेंच राहतें, धारकाचें नांव बदलतें. तलाठ्याच्या लेखणीनें हा विवेक इतकीं वर्षें सांभाळला आणि तो विद्वानांच्या लेखणींतून गळावा, हें चमत्कारिक आहे.

‘प्रत’ हा शब्द संस्कृत ‘प्रति’चा. त्याचे मराठींत दोन अर्थ रूढ आहेत : पोथीची नक्कल ती प्रत, आणि मालाचा दर्जा तीही प्रत. ‘वारी’ हा अंश फार्शी वळणाचा : आणेवारी, टक्केवारी, खातेवारी, वर्गवारी. तेव्हां ‘फेरप्रतवारी’ ह्या शब्दांत देशी, संस्कृत व फार्शी अशा तीन घराण्यांचा संकर आहे, आणि भाषाशुद्धीच्या अभिमान्यांस तो रुचणार नाहीं. माझें शिक्षण संस्कृताचें असूनही मी ह्या संकराच्या बाजूनें उभा आहे. ज्या शब्दाचा अर्थ बाजारांत आणि चावडींत एकच होतो, तो शुद्ध. ज्याचा अर्थ दर पानावर बदलतो, त्याची व्युत्पत्ति कितीही कुलीन असो. वऱ्हाडांत कापसाची प्रत हा घरोघरचा विषय आहे. कारंजे येथें १८८६ सालीं नियंत्रित बाजार झाला, पुढें १८९७ सालीं वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठीं कायदा झाला, आणि १९७२ पासून राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाल्यावर ‘ग्रेडर’ हा शब्द खेड्यांतील म्हातारीच्याही तोंडीं बसला. पहिल्या वेच्याचा स्वच्छ कापूस कोणत्या प्रतींत बसतो आणि फरदडीचा कोणत्या, हें तिला कोणी शिकवावें लागलें नाहीं.

आतां जमिनीकडे वळूं. कारण अनर्थ झाला आहे तो तेथेंच. इ.स. १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आल्यावर १८६१ पासून येथें मुंबई पद्धतीची पैमाष व जमाबंदी सुरू झाली. ह्या पद्धतीचा पाया म्हणजे गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन ह्यांचा १८४७ चा संयुक्त अहवाल. त्यांतील प्रतबंदीची रीत मुळांतून समजून घेतल्यावांचून पुढील वाद उलगडणार नाहीं.

शेताचे कांहीं सारखे भाग पाडून प्रत्येक भागांत माती खणून पाहावयाची. रंग व पोत ह्यांवरून मातीच्या तीन जाती : बारीक, एकसारख्या पोताची काळी, तिच्याहून भरड, बहुधा तांबूस, आणि खडेमिश्रित वा भुसभुशीत, भुरकट. मग खोली हातांनीं मोजावयाची. पहिल्या जातीची माती पावणेदोन हात खोल लागली, तर तो भाग सोळा आणे. तेथून खोली कमी होत जाईल तसतशी प्रत उतरत जावयाची. दोन आण्यांपर्यंत एकंदर नऊ प्रती. ह्यावर सात दोष मोजीत : चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, उतार, मातीचा सैलपणा, पाणी मुरूं न देणारी माती, पुराचें पाणी वरून वाहणें, आणि झऱ्यांची फाजील ओल. प्रत्येक दोषास एक प्रत खालीं. सर्व भागांची सरासरी ती शेताची प्रत. पुढें स्थानपरत्वें ह्या कोष्टकांत फरक केले गेले. तत्त्व हेंच राहिलें.

परंतु सोळा आणे म्हणजे सोळा आणे आकार नव्हे. हें फक्त प्रमाण आहे. आकार ठरविण्यास गांवांचे गट पाडीत, आणि गट पाडतांना हवामान, शेतीची स्थिति व बाजाराची जवळीक पाहात. प्रत्येक गटास एक कमाल दर. उदाहरणादाखल, गटाचा कमाल दर एकरीं दोन रुपये असेल, तर बारा आणे प्रतीच्या शेतास दीड रुपया. मुदत संपल्यावर तेंच गांव अडीच रुपयांच्या गटांत गेलें, तर त्याच शेतास एक रुपया चौदा आणे. माती तीच, खोली तीच, प्रत तीच. आकार मात्र चौथाईनें वाढला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची वाट अकोला व बडनेऱ्यावरून १८६७ सालीं नागपूरपर्यंत पोंचली. रूळ जवळून गेले, बाजार जवळ आला, गांवाचा गट चढला. शेतकऱ्याचें शेत कोणी खणून पाहिलें नाहीं.

ह्या वाढीस ‘जमिनीचें पुनर्वर्गीकरण’ म्हटलें, कीं वाचक समजतो, माती पुन्हां तपासली गेली. आणि आकार वाढला त्या अर्थीं जमिनी सुधारल्या असाव्यात. एक पाऊल पुढें जाऊन कोणी लिहितो कीं, कापसाच्या लागवडीनें वऱ्हाडच्या जमिनी पहिल्या जमाबंदीनंतर तीस वर्षांत वरच्या प्रतीस चढल्या. कापसानें जमीन वरच्या प्रतीस चढत नाहीं, हें अकोटच्या कोणत्याही पाटलास विचारावें. येथें तीन शब्द हवेत आणि ते आपल्याजवळ आहेत. माती पुन्हां खणून त्याच नऊ प्रतींत बसविली, तर फेरप्रतवारी. प्रत न बदलतां दर बदलला, तर फेरआकारणी. प्रतींचें कोष्टकच बदललें, तरच पुनर्वर्गीकरण.

तिसऱ्या प्रकारची गरज वऱ्हाडांत खरोखर कोठें आहे, हें पाहावयाचें तर पूर्णेच्या खोऱ्यांत जावें. नदीच्या दोन्ही अंगांस अमरावती, अकोला व बुलढाणा ह्या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. माती काळी, खोल, दिसावयास राजस. रंग व खोली ह्या कसोट्यांवर तिला खालीं ओढणें कठीण. पाणी न मुरण्याचा दोष कोष्टकांत होता हें खरें. पण भूगर्भांतील पाणी गोड कीं खारें, हा प्रश्न मातीच्या प्रतींत कोठेंच येत नव्हता. विहीर खणली तर खारें पाणी. तें पिकास दिलें तर जमीन चोपण होते. पावसाच्या पिकावर जगणाऱ्या काळांत हा भेद आकारणीस फारसा बाधक नव्हता. ओलितावर शेतीचें मोल ठरूं लागल्यावर तोच मुख्य झाला. अशा जमिनीची कितीही वेळां फेरप्रतवारी करा, जुन्या कोष्टकांत ती जेथल्या तेथेंच बसेल. तिच्यासाठीं कसोटीच दुसरी पाहिजे. अमरसिंहानें भूमिवर्गांत ‘उर्वरा’ व ‘ऊषर’ हीं निराळीं नांवें दिलीं आहेत. क्षाराची कसोटी आमच्या पूर्वजांस अपरिचित नव्हती. आज नागपूरची राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था व अकोल्याचें १९६९ सालीं स्थापन झालेलें कृषि विद्यापीठ मातीचा विचार रसायन, निचरा, चिकणमातीचें प्रमाण ह्यांवरून करतात. १८४७ च्या नऊ प्रती आणि आजचे मृदावर्ग ह्यांचें संबंधकोष्टक तयार केल्यावांचून एकाची दुसऱ्याशीं तुलना करणें म्हणजे शेरांतून हात वजा करणें होय.

जातां जातां आणखी दोन खड्डे दाखवून ठेवतों. जुन्या कागदांत ‘आठ आणे’ असें दिसलें, तर तें जमिनीच्या प्रतीचें कीं त्या सालच्या पिकाच्या आणेवारीचें, हें आधीं पाहावें. पहिलें तीस वर्षें टिकतें, दुसरें एकाच हंगामाचें असतें. १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं, आणि पुढें आणेवारीची पैसेवारी झाली. आज पन्नास पैशांच्या आंतली पैसेवारी हें दुष्काळी सवलतींचें माप समजलें जातें. दुसरा खड्डा ‘वर्ग’ शब्दाचाच. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमानें भोगवटादारांचे वर्ग एक व वर्ग दोन असे प्रकार केले. ‘जमीन वर्ग दोनमधून वर्ग एकमध्यें गेली’ ह्याचा अर्थ तिच्या हस्तांतरावरील बंधन सुटलें, एवढाच. मातीशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. तेव्हां ‘पुनर्वर्गीकरण’ लिहिणाऱ्यानें प्रथम कोणता वर्ग हें सांगितलें पाहिजे.

जिल्ह्यांच्या बाबतींत तर प्रमाद ताळा घेऊनच दाखवितां येतो. वऱ्हाडांत पूर्वीं सहा जिल्हे होते : अमरावती, एलिचपूर, वणी, अकोला, बुलढाणा व वाशीम. १९०५ सालीं ते चार केले गेले. एलिचपूर अमरावतींत विलीन झालें. वणीचें क्षेत्र वाढून तो यवतमाळ जिल्हा झाला. वाशीम जिल्हा मोडला. अकोला जिल्ह्यांतून खामगांव व जळगांव हे तालुके बुलढाण्यास गेले, आणि अमरावतीकडून मुर्तिजापूर व मोडलेल्या वाशीम जिल्ह्यांतून वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्यास मिळाले. १९०१ च्या खानेसुमारींत जुन्या अकोला जिल्ह्याचें क्षेत्र २,६७८ चौरस मैल व लोकसंख्या ५,८२,५४० होती. १९०५ च्या नव्या हद्दी धरल्या, तर क्षेत्र ४,१११ चौरस मैल, आणि त्याच १९०१ च्या खानेसुमारीनें लोकसंख्या ७,५४,८०४. एकाच दिवशीं मोजलेलीं माणसें, एकच नांव, आणि आंकडे दोन. फरक १,७२,२६४, म्हणजे शेंकडा तीसच्या आंतबाहेर. ज्यानें पहिल्या आंकड्याशेजारीं पुढील खानेसुमारीचा आंकडा ठेवला, त्यास अकोल्यास दहा वर्षांत केवढी भरभराट झाली असें वाटेल ! त्याच्या पदरीं कापसाच्या तेजीचें कारणही तयार असतें.

ह्याच्या उलट चूक पुढील काळाबद्दल होते. १ जुलै १९९८ रोजीं वाशीम जिल्हा अकोल्यापासून पुन्हां निराळा झाला. २००१ सालीं अकोला जिल्ह्याची लोकसंख्या १६,३०,२३९ व वाशीमची १०,२०,२१६ होती. नुसता अकोल्याचा आंकडा घेऊन तो १९९१ च्या अविभक्त जिल्ह्याशीं ताडला, तर लोक ओस पडून निघून गेले असा भास होतो. शिवाय १९९८ चा वाशीम म्हणजे १९०५ पूर्वींचा वाशीम नव्हे. पूर्वीं वाशीमकडे असलेला पुसद यवतमाळांत राहिला. मुर्तिजापूर तालुक्यांतलें कारंजे आतां वाशीमकडे आलें. ‘वाशीम जिल्हा पुनः अस्तित्वांत आला’ हें वाक्य म्हणूनच अर्धेंच खरें आहे; नांव परत आलें, क्षेत्र नाहीं.

हद्दींच्या ह्या क्रियेस ‘पुनर्रचना’ हा शब्द १९५३ च्या राज्यपुनर्रचना आयोगापासून रूढ झाला आहे, आणि तो योग्य आहे. रचना म्हणजे अवयवांची मांडणी. तालुका हा अवयव मोडत नाहीं, तो दुसऱ्या अंगास जोडला जातो. आयोगानें विदर्भाचें निराळें राज्य सुचविलें. १९५६ सालीं वऱ्हाड द्वैभाषिक मुंबईंत गेलें व १९६० सालीं महाराष्ट्रांत आलें. ह्या सर्व उलथापालथींत अंजनगांवचें शेत वा बाळापूरचें घर कोणत्याही नव्या वर्गांत गेलें नाहीं. ज्यांनीं लायलचें १८७० चें वऱ्हाडचें गॅझेटियर व अकोल्याचें १९१० चें गॅझेटियर हीं दोन्हीं जवळ ठेवून काम केलें आहे, त्यांस तालुकावार बेरीज करण्याचा खटाटोप माहीत आहे. तो टाळण्याचा राजमार्ग नाहीं. कै. यादव माधव काळे ह्यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ १९२४ सालचा, म्हणजे चार जिल्ह्यांच्या काळांतला. त्यांतील जिल्ह्यांचीं नांवें वाचतांनाही हें ध्यानीं ठेवावें.

राहिला दप्तराचा प्रश्न. संशोधक मंडळांस तो सर्वांत जवळचा, आणि येथें ‘पुनर्वर्गीकरण’ हा शब्द खरोखरीच लागू पडतो. म्हणूनच तो जपून उच्चारावा. दप्तरांतील रुमाल हा नुसता फडका नव्हे. कोणता कागद कोणत्या कागदाशेजारीं बांधला गेला, हाही पुरावाच असतो. मिती नसलेल्या पत्राची मिती शेजारच्या पत्रावरून लागते. सही नसलेल्या यादीचा कारकून त्याच गांठोड्यांतील दुसऱ्या यादीवरून ओळखूं येतो. रियासतकार सरदेसाई ह्यांच्या संपादनाखालीं पेशवे दप्तराचे जे ४५ निवडक भाग १९३० पासून निघाले, त्यांत विषयवार मांडणी आहे, आणि नागपूरकर भोसल्यांसंबंधीं स्वतंत्र भागही आहे. वऱ्हाडच्या अभ्यासकांवर ह्या भागाचे अनंत उपकार आहेत. परंतु निवड म्हणजे वगळणेंही आलें. ‘वर्ग’ शब्दाचा जो मूळ अर्थ वर सांगितला, तो येथें अक्षरशः खरा ठरतो. छापील भागावरून रुमालांतला शेजार कळत नाहीं, त्यासाठीं पुण्याचें दप्तरच गांठावें लागतें.

तेथें मूळ कागद निदान आहेत. आमच्याकडे अमरावती व अकोल्याच्या आसपास देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांतून आजही खाजगी दप्तरें हातीं येतात, आणि उत्साही मंडळी पहिल्याच बैठकींत तीं सोडून ‘सनदा’, ‘हिशेब’, ‘निवाडे’, ‘खाजगी पत्रें’ असे ढीग घालतात. संध्याकाळपर्यंत वर्गीकरण पुरें होतें आणि दप्तर संपतें. कागद सारे शिल्लक असतात. कोणता कोठून निघाला, हें मात्र कोणासही सांगतां येत नाहीं. ह्या मंडळींच्या निष्ठेविषयीं मला शंका नाहीं, घाईविषयीं आहे. गांठ सोडण्यापूर्वीं रुमालास क्रमांक, मग रुमालांतील प्रत्येक कागदास वरून खालीं क्रमांक, आणि हा दुहेरी क्रमांक कागदाच्या पाठीवर शिसपेन्सिलीनें बारीक अक्षरांत, इतकें झाल्यावर मग विषयवार, कालवार, व्यक्तिवार हवे तितके वर्ग करावे. ते वर्ग यादींत करावे; कागद मूळ क्रमानेंच बांधून ठेवावे. एका दप्तराच्या तीन याद्या झाल्या, तरी बिघडत नाहीं. अमरसिंहानें तरी शब्द दोनदां लाविले म्हणून पहिली माळ तोडली नव्हती.

मंडळाच्या यापुढील याद्यांत ‘जुना क्रमांक’ असा एक रकाना पहिल्याच जागीं असावा, आणि जेथें तो क्रमांक उपलब्ध नसेल तेथें रकाना रिकामा न ठेवतां ‘मूळ क्रम मोडलेला’ असें स्पष्ट लिहावें, अशी कार्यकारी मंडळास माझी विनंती आहे.